तिसरी तार : सहलीच्या बोटीवरच्या विजेचा इतिहास

१) अमेरिकेतल्या एखाद्या गोड्या पाण्याच्या तळ्यावरचे मरिना डोळ्यांसमोर आणा. मरिना म्हणजे सहलीच्या बोटी बांधून ठेवण्याचे छोटे बंदर. धक्क्यावरच्या खांबापासून बोटीपर्यंत एक जाड केबल गेली आहे आणि तिच्या पोटात तीन तारा आहेत : फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची तार. पहिल्या दोन तारांवर बोटीतले दिवे लागतात, फ्रिज चालतो. तिसरीतून एरवी काहीच वाहत नाही. आजचा हा दीर्घ धागा त्या तिसऱ्या तारेविषयी आहे. ती कशासाठी आली, काही बोटमालकांनी ती स्वतःच्या हाताने का कापली आणि त्यातून काय घडले, हे समजण्यासाठी आपल्याला १७६१ पर्यंत मागे जावे लागेल.

२) मित्रहो, पुढे जाण्यापूर्वी विजेचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा. प्रवाह जिथून निघतो तिथेच परत येतो. बॅटरीतून निघालेला बॅटरीकडे, धक्क्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेला त्या ट्रान्सफॉर्मरकडे. त्याच्यासाठी आखलेली परतीची वाट तुटली, तर तो दुसरी शोधतो. ती ओल्या लाकडातून असेल, यंत्राच्या सांगाड्यातून असेल, पाण्यातून असेल किंवा त्या पाण्यात पोहणाऱ्या माणसातून असेल. बोटीवरच्या वायरिंगचा सगळा इतिहास या परतीच्या वाटेभोवती फिरतो.

३) १७६१. ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या ३२ तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे जहाजाची चाळण करत. शेवाळ आणि शिंपले चिकटून वेग कमी होई. तांब्याने दोन्हींचा बंदोबस्त होईल अशी अपेक्षा होती. 'अलार्म' वेस्ट इंडीजच्या सफरीवर गेली. १७६३ मध्ये तळाची तपासणी झाली तेव्हा पत्र्याखालचे लाकूड चांगल्या स्थितीत होते, परंतु पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे कित्येक ठिकाणी कुजून गेले होते आणि पत्रे सुटू लागले होते.

४) तपासणाऱ्यांनी एक बारीक नोंद केली. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही जागी खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये राहून गेला होता. त्या जागचे खिळे शाबूत होते. लोखंड आणि तांबे यांचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, असा निष्कर्ष निघाला. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. व्होल्टा यांनी आपली विद्युतघटांची चळत १८०० साली जगापुढे आणली. दोन वेगळे धातू, त्यांचा परस्परांशी स्पर्श आणि भोवती खारे पाणी, एवढे जमले की विद्युतघट तयार होतो आणि दोहोंतला अधिक क्रियाशील धातू झिजत जातो. 'अलार्म'च्या तळाशी हा घट चाळीसएक वर्षे आधीच काम करत होता आणि तो तपकिरी कागद हे योगायोगाने लाभलेले विद्युतरोधक होते.

५) अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिशांनी जवळजवळ सगळ्या आरमाराला तांबे चढवले. लोखंडी बोल्ट आतून कुजत असल्याचे ध्यानात आल्यावर १७८० च्या दशकात तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरात आले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या सागवानी युद्धनौका या तांब्याच्या युगातल्याच होत. १८१७ साली मुंबईत जलावतरण झालेली 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

६) तांबेही समुद्रात झिजत असे. नौदलाच्या विनंतीवरून हम्फ्री डेव्ही यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे उपाय मांडला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडावेत. ते झिजतील आणि तांबे वाचेल. प्रयोगात तरुण मायकेल फॅरेडे यांचे साहाय्य होते. उपाय अचूक ठरला. आजही बोटीच्या पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा जो ठोकळा बसवतात, तो थेट डेव्हींचा वारसा होय. झिजून संपण्यासाठीच तो असतो आणि ठरावीक काळाने बदलावा लागतो.

७) तरीही डेव्हींचे तुकडे नौदलाने १८२५ मध्ये समुद्रगामी जहाजांवरून काढायला लावले. असे का? तांबे किंचित विरघळत होते, म्हणूनच शेवाळ आणि शिंपले त्याच्यापासून दूर राहत होते. विरघळणे थांबले आणि तळावर रान माजले. धातू वाचला, जहाज मंदावले. हा प्रसंग ध्यानात ठेवा. एका धोक्यावरचा अचूक उपाय दुसरा धोका दारात आणून ठेवतो, हा अनुभव पुढे दीडशे वर्षांनी पुन्हा येणार आहे आणि तेव्हा किंमत तांब्यात मोजली जाणार नाही.

८) आता प्रत्यक्ष तारांकडे वळू. १८३८ मध्ये मोरित्झ याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत विद्युतघटांवर चालणारी बोट प्रवाशांसह फिरवली. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसला सेन नदीत पाच मीटरच्या होडीला उचलून बाजूला ठेवता येईल अशी विजेची मोटर लावली. आजच्या आउटबोर्ड इंजिनाची ही पूर्वज. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मोरित्झ इमिश यांच्या कंपनीने लंडनजवळ थेम्सवर बोटींच्या बॅटऱ्या भरण्यासाठी केंद्रे उभारली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तर पंचावन्न विजेच्या बोटींनी दहा लाखांहून अधिक प्रवाशांना जलविहार घडवला.

९) या बोटींत एक गुण आपोआप आला होता. त्यांची वीज बोटीतल्या बॅटरीतून निघे आणि बोटीतल्याच बॅटरीत परते. किनाऱ्याशी तिचा संबंध फक्त बॅटरी भरण्यापुरता. तार उघडी पडली तरी प्रवाहाला पाण्यात उतरून दूर कुठे जाण्याचे प्रयोजन नव्हते. सहलीची बोट आणि वीज यांची पहिली मैत्री अशी सोयीची होती.

१०) मोठ्या जहाजांवरचे चित्र वेगळे होते. १८८० मध्ये 'कोलंबिया' या अमेरिकी वाफेच्या जहाजावर एडिसनचे दिवे लागले. प्रवाशाच्या खोलीतल्या दिव्याची कळ खोलीबाहेर कुलूपबंद पेटीत असे आणि ती केवळ नोकरवर्गाने चालवायची असे. यंत्राविषयीची धास्ती त्या कुलपात दिसते. पुढे अनेक लोखंडी जहाजांवर, विशेषतः ब्रिटिश व्यापारी जहाजांवर, काटकसर म्हणून एकच तार टाकण्याची पद्धत पडली. परतीचे काम जहाजाच्या लोखंडी अंगावर सोपवले गेले. तांब्याचा खर्च वाचला, पण प्रत्येक ओला सांधा आता परिपथाचा भाग झाला. शिवाय एकट्या तारेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होकायंत्राची सुई चळू लागली. जाणारी आणि येणारी तार जवळ ठेवली, एकमेकींना पीळ घातला, तर दोघींची क्षेत्रे परस्परांना छेदतात. होकायंत्राजवळच्या तारांना पीळ देण्याची पद्धत आज छोट्या बोटींवरही पाळली जाते.

११) ब्रिटिश युद्धनौका 'इन्फ्लेक्सिबल'वर पहिली वीजयंत्रणा ८०० व्होल्टची होती. १८८२ मध्ये तिच्या धक्क्याने एक मनुष्य दगावला. जहाजावरच्या विजेने घेतलेल्या पहिल्या बळींमध्ये त्याची गणना होते. त्यानंतर ब्रिटिश नौदल ८० व्होल्टवर आले. दाब थेट दहापट खाली. जहाजावरचा विजेचा नियम मृत्यूनंतर लिहिला जातो, हा क्रम इथून सुरू झालेला दिसतो.

१२) विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोल इंजिनाने विजेच्या बोटींना मागे टाकले. बॅटरी जड होती, तिची मजल मर्यादित होती. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली गळलेली वाफ रस्त्यावरच्या वाऱ्याने उडून जाते. बोटीत ती तळाच्या पोकळीत, ज्याला खलाशी बिल्ज म्हणतात, साचून राहते. तिथे एका स्विचची ठिणगी पुरे. अमेरिकेच्या १९४० च्या मोटरबोट कायद्याने बंदिस्त पेट्रोल बोटींना वायुवीजन सक्तीचे केले. पुढे अशा जागेतले स्टार्टर, अल्टरनेटर, पंप यांची ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये अशी त्यांची रचना असावी, हा नियम झाला. मोटारीचा अल्टरनेटर स्वस्तात मिळतो म्हणून बोटीला लावू नये, यामागचे कारण हेच.

१३) १९५४ मध्ये 'अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. १९७१ मध्ये अमेरिकेत संघीय बोटसुरक्षा कायदा आला. युरोपने १९९४ मध्ये सहलीच्या बोटींसाठी सामाईक निर्देश काढला. या दस्तऐवजांतली कोरडी वाक्ये इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावीत, कारण बहुतेक प्रत्येक वाक्यामागे बोटीने शिकवलेला एखादा धडा आहे. तार एकसंध जाड नसावी, अनेक बारीक तंतूंची असावी : बोट अखंड थरथरते आणि जाड तार वाकून वाकून तुटते. चांगल्या कामात त्या तंतूंवर कथलाचा मुलामा असतो : खारट ओल उघड्या तांब्यात आवरणाखालून चढत जाते, तांबे काळे पडते, रोध वाढतो आणि सांधा तापू लागतो. दोन तारा पिळून टोपण बसवण्याची घरगुती पद्धत बोटीवर निषिद्ध : थरथरीत ती सैल होते.

१४) फ्यूजचा नियमही पाहा. बॅटरीपासून निघालेल्या तारेवर फ्यूज सर्वसाधारणपणे सात इंचांच्या आत हवा. तारेला अतिरिक्त आवरण असेल तर थोडी सवलत मिळते. कारण फ्यूज तारेचे रक्षण करतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा उघडाच असतो आणि तो घासून कुठे टेकला, तर बॅटरीतली सगळी ताकद त्या तारेला लालबुंद करते. समुद्रात आग लागली की पळायला अंगण नसते.

१५) रंगांचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत घरगुती विजेची काळी तार म्हणजे फेज. बॅटरीच्या यंत्रणेत मात्र ऋण बाजूची निरुपद्रवी तार काळी असे. एकाच बोटीत दोन्ही यंत्रणा आल्या आणि एकाच रंगाचे दोन अर्थ झाले : एक निर्धोक, दुसरा प्राणघातक. म्हणून बॅटरीच्या ऋण तारेसाठी पिवळ्या रंगाला पसंती दिली गेली. तारेचा रंग ही पुढच्या कारागिरासाठी लिहिलेली चिठ्ठी असते. तो कारागीर वीस वर्षांनी येईल आणि आधीच्याला विचारू शकणार नाही.

१६) आता पुन्हा पहिल्या चित्राकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या बोटी स्वस्त झाल्या, मरिना वाढल्या आणि किनाऱ्यावरची वीज केबलने बोटीत शिरली. इथे जुनी मैत्री बदलली. या विजेचा उगम किनाऱ्यावर आहे, म्हणून तिला परतायचेही किनाऱ्यावर आहे, आणि मध्ये पाणी आहे. फेजची तार सोलवटून इंजिनाला टेकली, तर प्रवाहाने हिरव्या तारेतून धावत परतावे, ब्रेकर पाडावा आणि विषय संपवावा, यासाठी ती तिसरी तार.

१७) पण हिरवी तार एक जास्तीचे काम करते. ती तुमच्या बोटीचे पाण्याखालचे धातू शेजारच्या बोटीच्या धातूंशी जोडते, कारण दोघांची अर्थिंग धक्क्यावर एकच आहे. इकडे अ‍ॅल्युमिनिअम, तिकडे कांसे, भोवती पाणी आणि मध्ये जोडणारी तार : 'अलार्म'चा घट पुन्हा तयार झाला. केबल लावून ठेवलेल्या बोटीचा जस्ताचा ठोकळा शेजाऱ्याच्या पंख्यालाही वाचवू लागतो आणि भराभर संपतो. मग मालकाचा स्वतःचा पंखा झिजू लागतो. काही मालकांनी, काही कारागिरांनीही, यावर सोपा तोडगा काढला. त्यांनी हिरवी तार कापली. दिवे लागत राहिले, फ्रिज चालत राहिला आणि झीज थांबली. तोडगा यशस्वी वाटण्यासारखाच होता.

१८) त्यानंतर एखाद्या दिवशी त्या बोटीत फेज धातूला टेकते. परतीची आखलेली वाट नाही. प्रवाह इंजिनातून पंख्याच्या दांड्यात, दांड्यातून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून किनाऱ्याकडे निघतो. पाण्याचा रोध मोठा, म्हणून प्रवाह लहान. तीस अँपिअरचा ब्रेकर अर्ध्या अँपिअरची दखल घेत नाही. समुद्राचे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगले वाहक असते, त्यामुळे तिथे प्रवाह बहुतांशी माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलटे घडते. तिथे शरीरच अधिक सोपी वाट ठरते. पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, हातपाय हलत नाहीत आणि तो काठापासून चार हातांवर बुडतो.

१९) इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब पुराव्याची वाटते. अशा मृत्यूत शरीरावर भाजल्याची खूण बहुधा नसते. शवविच्छेदनात फुप्फुसात पाणी आढळते आणि अहवालात 'बुडून मृत्यू' असे लिहिले जाते. तेवढ्यात कोणी फ्रिज बंद केला असेल किंवा केबल काढली असेल, तर पाण्यातही काही सापडत नाही. किती दशके, किती माणसे अशी गेली, हे दप्तरातून काढता येत नाही. ज्या मृत्यूला नाव नाही, त्याची नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याच्यावर नियम होत नाही. 'विजेच्या धक्क्याने बुडणे' हे नाव अमेरिकेत रूढ झाले, तेव्हाच या घटना एकमेकींशेजारी ठेवून वाचता येऊ लागल्या.

२०) उपायाचे मूळ मात्र बोटींपासून दूर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती प्रवाहाला माणसाची पकड सुटेनाशी होते ते मोजले. सरासरी आकडा पुरुषांसाठी १६ आणि स्त्रियांसाठी १०.५ मिलिअँपिअर आला. तुलनेसाठी, आपल्याकडच्या साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर वाहतात. म्हणजे दिव्याच्या विसाव्या हिश्शात माणूस असहाय होतो.

२१) १९६१ मध्ये डाल्झिएल यांनी जे उपकरण पुढे आणले, त्याचे तत्त्व साधे आहे. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा हिशेब सतत ताडून पाहायचा. फरक पडला, तर काही भाग दुसऱ्या वाटेने जातो आहे, असे समजून क्षणार्धात वीज तोडायची. ती वाट कोणती, हे उपकरणाला कळण्याची गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी हे संरक्षण आवश्यक केले. आपल्या घरातल्या बोर्डावरचे आरसीसीबी याच तत्त्वावर चालते.

२२) तलावापासून तळ्यापर्यंत यायला मात्र चार दशके गेली. २०१० च्या सुमारास बोटींसाठीच्या अमेरिकी मानकात मुख्य जोडणीवर ३० मिलिअँपिअरला पडणारा ब्रेकर आला. विद्युत संहितेने मरिनासाठी २०११ मध्ये १०० आणि २०१७ मध्ये ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली. लगेच मरिनाचालकांची तक्रार सुरू झाली की ब्रेकर सारखे पडतात. पडणारच होते. जुन्या बोटी वर्षानुवर्षे थोडी थोडी वीज पाण्यात सोडत होत्या. ती मोजणारे कोणी तोवर नव्हते.

२३) आणि हिरव्या तारेचा पेच? तोही सुटला आहे. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची छोटी पेटी त्या तारेत बसवतात. आत डायोड असतात. दोन धातूंमधला दाब एका व्होल्टहून कमी असतो. तो डायोड अडवतात. बिघाडाचा मोठा प्रवाह आला तर त्याला मोकळी वाट देतात. दोन धातूंच्या मधे तपकिरी कागदाने जे केले होते तेच काम, पण गरज पडताच वाट उघडणारे. दुसरा मार्ग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा. त्यात बोटीच्या विजेचा उगमच बोटीवर आणला जातो, म्हणून तिला किनाऱ्याकडे परतण्याचे कारण उरत नाही; शिकागोच्या त्या पंचावन्न बोटींसारखेच. मालकाला आता पंखा आणि पोहणारा यांत निवड करावी लागत नाही. अडचण एवढीच, की कापलेली तार बाहेरून दिसत नाही, आणि जुनी बोट विकत घेणाऱ्याला ती कोणी सांगत नाही.

२४) म्हणून शेवटी थोडे व्यवहाराचे. विजेची जोडणी असलेल्या धक्क्याजवळ पोहू नये, पाणी कितीही शांत असो. पाण्यात अंगाला मुंग्या आल्यासारखे वाटले, तर धक्क्यापासून आणि बोटींपासून दूर, आलेल्या दिशेने परत जावे. धातूची शिडी धरू नये. कोणी पाण्यात आखडलेला दिसला तर त्याच्या मागे उडी मारू नये. आधी धक्क्यावरची वीज तोडावी, कोरडा दोर किंवा तरंगते कडे फेकावे आणि मदत बोलवावी. वाचवायला उतरलेला माणूसही त्याच पाण्यात असतो.

धागा इथे थांबवतो. नौकांवरच्या जुन्या वायरिंगची छायाचित्रे किंवा नोंदी कोणाजवळ असतील तर खाली जरूर जोडा.